सीमोल्लंघनाची तयारी

दसऱ्याला आपण सारेच सीमोल्लंघन करतो. म्हणजे करतो काय? चार पावले चालून येतो, आपट्याची पाने वाटतो आणि दिवेलागणीच्या सुमारास घरी परततो. गावाला वेस उरली नाही आणि ती ओलांडली म्हणून कोणी अडवतही नाही. खरे सीमोल्लंघन आता पासपोर्टावर शिक्का उमटला की होते, आणि वाचकहो, ते आमच्या गांधीबागेतल्या साध्यासुध्या घरांच्या उंबरठ्याशी येऊन ठेपले आहे. त्यातली गंमत अशी की पहिल्यांदा परदेशी निघालेली ही मंडळी पंचविशीतली नाहीत, साठीतली आहेत. मुले नोकरीच्या निमित्ताने आधीच गेली. आता तिकडे पाळणा हलायचा आहे, म्हणून इकडून आई निघाली आहे. पूर्वी लेक बाळंतपणाला माहेरी येई. आता माहेरच बॅग भरून लेकीकडे जाते.

ज्यांनी आमचे नागपूर पाहिलेले नाही त्यांनी गांधीबाग हे नाव ऐकून डोळ्यांपुढे नुसती फुलझाडे आणू नयेत. बाग आहे, नाही असे नाही. पण गांधीबाग म्हणजे मुख्यतः कापडाचा ठोक बाजार. सेंट्रल अव्हेन्यूवरून आत वळले की कापडाच्या गाठी, हातगाड्या, ट्रान्स्पोर्टवाल्यांचे काटे, आणि दिवाळीच्या तोंडावर तर पाऊल ठेवायला जागा नाही. या गर्दीच्या मागच्या गल्लीत आम्ही राहतो. मी एका महाविद्यालयात मराठी शिकवते. परंतु गल्लीत माझी कीर्ती पसरली आहे ती माझ्या अध्यापनामुळे नव्हे. मी फॉर्म भरून देते. रेशनकार्डापासून पेन्शनपर्यंत सर्व जातींचे फॉर्म भरून झाले, आणि गेल्या काही वर्षांत त्यांत पासपोर्ट आणि व्हिसा यांची भर पडली. कोशात ‘पारपत्र’ असा चांगला शब्द आहे. पण ‘बाई, माझे पारपत्र भरून द्या’ असे म्हणत अजून कोणी माझी कडी वाजवलेली नाही.

इतके फॉर्म भरल्यावर माणसाला एखादा सिद्धान्त सुचावा, हे ओघानेच आले. माझा सिद्धान्त असा: प्रवास ज्याचा, तयारी त्याने करावी. वाचायला हे इतके सोपे वाटते की त्यासाठी लेख कशाला हवा, असे कोणी म्हणेल. पण आपल्या घरांत प्रत्यक्षात काय होते ते पाहा. आई परदेशी जायची ठरली की मुलगा फॉर्म भरतो, सून बॅग भरते, जावई तिकीट काढतो, लेक फोनवरून सूचनांचा पाऊस पाडते आणि जाणारी बाई मधोमध बसून चिवड्याला फोडणी देत असते. तिला कोणी काही विचारत नाही. सगळे करतात ते मायेनेच. पण त्या मायेत एक गोष्ट विसरली जाते. विमानातून उतरल्यावर खिडकीपुढे उभी राहणार आहे ती एकटी ती बाई. तिथे मुलगा नाही, सून नाही आणि चिवडाही नाही.

आमच्या शेजारच्या काकूंचेच घ्या. वय एकसष्ट, काका जाऊन चार वर्षे झालेली. लेक न्यू जर्सीला. आजवरचा लांबचा प्रवास म्हणजे शेगाव, रामटेक आणि एकदा पंढरपूर. लेकीला दिवस गेल्याचे कळल्यापासून घरात धामधूम सुरू झाली. महिनाभराने काकू संध्याकाळी माझ्याकडे आल्या, पदराने घाम पुसला आणि म्हणाल्या, “बाई, मी काय पार्सल आहो का? पत्ता चिकटवला अन् दिलं पाठवून! मले कोणी सांगूनच नाही राह्यलं बाप्पा, की मी कुठून चढतो अन् कुठं उतरतो.”

काकूंच्या या प्रश्नाने मला वर्गात दर वर्षी शिकवते ती एक गोष्ट आठवली. मराठी प्रवासवर्णन हा माझा आवडता विषय. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या तिथपासून ते पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ १९६० साली पुस्तकरूपाने आली तिथपर्यंत, आणि त्याही पुढे, परदेशाची पुष्कळ वर्णने आपल्या भाषेत झाली. पण निघण्याआधीच्या तयारीचा धडा म्हणून मी मुलांना नेहमी सांगते तो आनंदीबाई जोशी यांच्या एका व्याख्यानाचा.

आनंदीबाई अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाल्या हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. निघण्यापूर्वी त्यांनी काय केले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. गोपाळराव टपालखात्यात होते आणि नोकरीमुळे दोघे बंगालमधल्या सेरामपूर येथे राहत होती. मराठी ब्राह्मणाची मुलगी नवऱ्याला मागे ठेवून सातासमुद्रापलीकडे निघाली म्हटल्यावर लोकांच्या तोंडाला काय धरबंध राहणार! तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूरच्या कॉलेजच्या दालनात ही सतरा वर्षांची मुलगी भरसभेत उभी राहिली आणि लोक पाठीमागे विचारत होते ते सहा प्रश्न तिनेच स्वतःच्या तोंडाने मांडून इंग्रजीतून एकेकाचे उत्तर दिले. मी अमेरिकेला का जाते? शिकायची सोय हिंदुस्थानात नाही काय? एकटी का जाते? परत आल्यावर मला वाळीत टाकणार नाहीत काय? काही संकट ओढवले तर काय करीन? आणि जे आजवर कोणा बाईने केले नाही ते मीच का करावे?

पुढे ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून आगबोटीने निघून ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. दोन महिन्यांचा प्रवास आता एका दिवसावर आला. व्हिसा आला, मुलाखत आली, बोटांचे ठसे आले. पण मला कोणी विचारील तर मी म्हणेन की त्या सहा प्रश्नांत आजही एकाची भर घालावी लागत नाही. काकूंना मी तेच विचारायचे ठरवले.

“काकू, अमेरिकेला काहून जाऊन राह्यल्या?”

“आता काय सांगू? पोरगी बोलावते म्हणून.”

हे उत्तर आईचे म्हणून चांगले आहे. प्रवाशाचे म्हणून अपुरे आहे. व्हिसाच्या मुलाखतीत आणि पुन्हा तिकडच्या विमानतळावर हाच प्रश्न येतो, आणि त्यापाठोपाठ येतात किती दिवस राहणार, कोणाकडे राहणार, खर्च कोण करणार, परत कधी येणार. उत्तरे खरी, थोडक्यात आणि फॉर्मात लिहिली आहेत तीच हवीत. फॉर्म मुलाने भरला असेल तर आईने तो ओळीन् ओळ समजून घ्यावा, कारण खाली जे लिहिले आहे ते तिचे म्हणणे म्हणून धरले जाते. पाच महिने राहायचे तर पाच महिने सांगावे. घाबरून ‘पंधरा दिवस’ सांगणारी माणसे आहेत, आणि बॅगेत परतीचे पाच महिन्यांनंतरचे तिकीट घेऊन ती तसे सांगतात! आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे दहा वर्षे राहायची मुभा मिळाली असे नाही. एका खेपेला किती दिवस राहायचे ते तिथे उतरल्यावर अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिन्यांपर्यंत. आणि ती तारीख पाहून ठेवणे हे ज्याचे त्याचे काम.

काकूंनी दोन दिवसांनी आपले उत्तर तयार करून आणले. लेकीचे पहिले बाळंतपण आहे, नातवंड पाहायचे आहे, पाच महिने राहीन आणि उन्हाळ्याआधी परत येईन, कारण इकडे माझे घर आहे आणि पेन्शन आहे. मी त्यात काना-मात्रेचाही बदल केला नाही. मुंबईच्या मुलाखतीत त्यांनी पहिल्याच वाक्याला “हिंदीत बोलू का?” असे विचारले आणि हेच सांगितले. आपल्याला येते त्या भाषेत बोलण्याची परवानगी मागण्यात कमीपणा नाही; न समजलेल्या प्रश्नाला मान डोलावण्यात मात्र धोका आहे.

व्हिसाच्याही आधीची पायरी पासपोर्टाची, आणि तिथे आपल्या बायकांची पहिली गाठ पडते ती स्वतःच्याच नावाशी. काकूंच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव. आधारकार्डावर सासरचे, पण इंग्रजीत एक अक्षर कमी. बँकेत ते अक्षर परत जास्त. शिवाय लग्नात काकांनी तांदळात अंगठीने लिहिलेले नाव तिसरेच. जन्मतारीख १ जुलै. गावच्या मास्तरांनी शाळेत घालताना निम्म्या वर्गाची तीच लावली होती. या बाबतीत काकू मोठ्या थोरांच्या पंगतीला आहेत. आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. लग्नानंतर आनंदी झाले. आणि कॅरोलाइन डॉल या अमेरिकन बाईंनी १८८८ साली त्यांचे चरित्र लिहिले तेव्हा मुखपृष्ठावर त्या ‘आनंदाबाई’ झाल्या आणि ‘जोशी’च्या शेवटी इंग्रजी ‘ई’ दोन आले. १८८३ साली ते चालले. आज पासपोर्टातले नाव, व्हिसातले नाव आणि तिकिटावरचे नाव अक्षरशः एक असावे लागते. आडनावाचा रकाना रिकामा ठेवून सगळे नाव एकाच रकान्यात एका शब्दात लिहिण्याची चूक तर कधीच करू नये. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ च्या नोव्हेंबरापासून पासपोर्टात एकच शब्दाचे नाव असलेल्या पाहुण्यांना प्रवेश नाकारायला सुरुवात केली. तेव्हा आधी सगळे कागद एका ओळीत मांडावेत, कोणते नाव कायमचे ते स्वतः बाईने ठरवावे आणि बाकीचे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावेत. याला दोन-तीन महिने सहज लागतात. तिकीट काढण्याची घाई त्यानंतर.

नागपूरकरांची पासपोर्टापुरती तरी आता सोय आहे. इथे कार्यालय आहे, आणि २०२४ साली चिप बसवलेले ई-पासपोर्ट द्यायला सुरुवात झाली तेव्हा पहिल्या काही शहरांत नागपूर होते. पासपोर्ट प्रौढांना दहा वर्षांचा मिळतो, पण पुष्कळ देश प्रवासानंतरही सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात, म्हणजे तो साडेनऊ वर्षांचाच समजावा. एकेकाळी ही निळी पुस्तिका म्हणजे सरकारची मेहेरबानी समजली जाई. परदेशी जाण्याचा अधिकार हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात १९६७ च्या एप्रिलमध्ये सांगितले आणि मग त्याच वर्षीच्या जूनमध्ये पासपोर्टाचा कायदा झाला. काकूंना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी आपली पुस्तिका कपाटातल्या मुलाच्या फायलीतून काढून स्वतःच्या पेटीत नेऊन ठेवली. मला वाटते, त्यांच्या प्रवासाची खरी सुरुवात त्या दिवशी झाली.

दुसरा प्रश्न: याची सोय इकडे नाही काय? म्हणजे आमच्या गल्लीच्या भाषेत, ‘पोरीनेच माहेरी यायचे सोडून आईने कशाला जावे?’ आणि चौथा, वाळीत टाकण्याचा. आता वाळीत कोणी टाकत नाही, फक्त जिन्यात थांबवून विचारतात, “या वयात? एकटीनं?” काकूंच्या एका नात्यातल्या बाईंनी तर विधवेने इतक्या लांब कशाला, असेही बोलून घेतले. काकू त्यावर बोलल्या नाहीत. पण परदेशप्रवासाच्या तयारीत या बोलण्याचे वजन बॅगेच्या वजनापेक्षा जास्त असते, आणि ते कोणत्याच काट्यावर मोजता येत नाही. ज्या घरातून आई निघाली आहे त्या घराने हे वजन तिच्या डोक्यावरून उतरवावे. मुलाने एकदा जिन्यात उभे राहून “हो, आई एकटी जाते आहे” असे मोठ्याने म्हटले की पुरते.

तिसरा प्रश्न, एकटीचा. इथे आमच्याकडे एक हमखास तोडगा सांगतात: व्हीलचेअर मागायची. पाय धड असले तरी मागायची. इंग्रजी येत नाही ना, मग ढकलत नेणारा माणूस बरोबर नेऊन सोडतो. काकूंच्या मुलानेही तसे ठरवले होते. काकूंना कळले तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, “मी चालतो ना! रोज इतवारीतून भाजी आणतो. खुर्चीवर बसून पोरीपुढं गेली तं तिच्या काळजात धस्स नाही होणार?” ज्यांचे गुडघे खरोखर दुखतात त्यांनी खुर्ची निःसंकोच मागावी, ती त्यांच्यासाठीच आहे. ज्यांना भीती फक्त वाट चुकण्याची आहे त्यांनी वाटेचा सराव करावा.

आम्ही तो सराव मेट्रोत केला. सेंट्रल अव्हेन्यूवरून २०२२ च्या डिसेंबरपासून मेट्रो धावते. अग्रसेन चौकाच्या स्थानकावर चढलो. पिशवी तपासणीच्या पट्ट्यावर ठेवणे, अंग तपासून घेणे, फलक वाचणे, सरकत्या जिन्यावर निऱ्या सावरून पाऊल टाकणे, हे सगळे तिथे तिकिटाच्या चार पैशांत शिकता येते. सीताबर्डीला गाडी बदलायची. मी मुद्दाम मागे राहिले आणि दुसऱ्या मार्गाचा फलाट काकूंनी शोधला. तिथून थेट विमानतळाच्या स्थानकापर्यंत गेलो आणि परत आलो. तीन रविवारी असे केले. तिसऱ्या खेपेला मी गेलेच नाही. विमान बदलणे याहून मोठे असते, पण वेगळ्या जातीचे नसते. फलकावर आपला क्रमांक शोधायचा, बाण पाहायचा, अडले तर गणवेशातल्या माणसाला कागद दाखवायचा. अशा एका कागदावर आम्ही मोठ्या अक्षरांत इंग्रजीत आणि खाली मराठीत सगळे लिहिले: कोणते विमान, कुठे बदलायचे, लेकीचा पत्ता, दोघांचे फोन. फोनची बॅटरी संपते. कागदाची संपत नाही. तो पत्ता काकूंनी हरिपाठाच्या चालीवर पाठ केला. घराचा क्रमांक, रस्ता, गाव, राज्य आणि पिनकोड! अमेरिकेच्या पोस्टालाही आपला पत्ता इतका गोड वाटत असेल असे नाही.

एकटीच्या प्रश्नात पैशाचा प्रश्न येतो. साठीच्या दशकात परकीय चलनाची अशी टंचाई होती की परदेशी जाणाऱ्याच्या हातात मोजके पौंड पडत. आता रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता-पाठवता येतात. “अडीच लाख!” काकू म्हणाल्या, “मले अडीचशे पुरे.” मला त्यांचा आकडा पटला, पण मी म्हटले, ते अडीचशे तुमच्या स्वतःच्या बटव्यात हवेत. थोड्या नोटा आणि बँकेतून घेतलेले प्रवासाचे कार्ड, त्याचा गुप्त क्रमांक त्यांनाच पाठ. आपली भारतीय रोकड मात्र पंचवीस हजारांच्या वर नेऊ नये. तसा नियम आहे. लेक काही कमी करणार नाही. पण नातीसाठी झबले घ्यायलाही जावयापुढे उभे राहावे लागले तर आजीचा जीव अर्धा होतो. आनंदीबाईंच्या खर्चासाठी वडिलांनी दिलेल्या सोन्याच्या बांगड्या विकाव्या लागल्या होत्या. काकूंना तशी वेळ नव्हती. उलट त्यांनी बहुतेक दागिने लॉकरमध्ये ठेवले आणि गळ्यात एक पातळ साखळी तेवढी ठेवली. ज्यांना अधिक सोने नेणे भागच आहे त्यांनी जाताना विमानतळावर कस्टमकडे त्याची नोंद करून घ्यावी, म्हणजे परतताना ते आपलेच होते हे सिद्ध करत बसावे लागत नाही.

आता पाचवा प्रश्न, संकटाचा. हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारत नाही. शुभकार्याला निघताना अशुभ कशाला बोलायचे! पण आनंदीबाईंनी तो भरसभेत घेतला, आणि त्यांच्या बाबतीत तो खराही ठरला. ११ मार्च १८८६ रोजी त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पण तिथली कडाक्याची थंडी आणि न मानवणारे अन्न यांनी प्रकृती पोखरली होती. नऊवारीत थंडी भागेना म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली होती. क्षयाने त्यांना परतल्यावर काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात नेले. बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक तशीच राहिली. ही गोष्ट सांगते ती कोणाला घाबरवायला नव्हे. शहाणपण, धैर्य, भाषा सगळे असलेल्या त्या मुलीला जी साधने मिळाली नाहीत ती आज गांधीबागेतल्या बाईला मिळतात, मग ती घ्यायची नाहीत काय?

काकूंना रक्तदाब आहे, थोडी साखर आहे. निघण्यापूर्वी महिनाभर डॉक्टरांकडे जाऊन तपासण्या, दात, चष्म्याचा नंबर हे उरकावे. परदेशात दाताचे दुखणे खिशालाही दुखते. गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि वर पंधरा दिवसांच्या घ्याव्यात, डब्यात मोकळ्या न भरता पाकिटासकट, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण आपल्या गोळीचे बाजारातले नाव तिकडे कोणाला कळत नाही. निदान आठ दिवसांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची घड्याळे आपल्या मागे असतात, उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास. तेव्हा ‘सकाळची गोळी’ म्हणजे कोणाची सकाळ, हे डॉक्टरांनाच विचारून घ्यावे. प्रवासाचा विमा घेताना आधीपासूनच्या आजारांचे काय, ही ओळ शोधून वाचावी. ती बहुधा बारीक अक्षरांत असते आणि स्वस्त विम्यात तो आजार बहुधा वगळलेला असतो. आजार लपवून विमा घेणे म्हणजे छत्रीला भोक पाडून पावसात जाणे. आणि विम्याचा क्रमांक व फोन त्याच कागदावर लिहावा.

बॅगेचे मी शेवटी सांगते आहे, आणि थोडक्यात, कारण त्या विषयात प्रत्येक घरी तज्ज्ञ आहेत. काकूंच्या बॅगांचे वजन आम्ही ट्रान्स्पोर्टवाल्याच्या काट्यावर केले; त्याने पैसे घेतले नाहीत, पण “गाठ कुठं जाऊन राह्यली?” असे मात्र विचारले. पहिल्या वजनात चार किलो जास्त निघाले. ते सगळे फराळाचे होते. तिकिटावर लिहिलेल्या वजनाच्या किलोभर खालीच थांबावे. लोणचे आणि तूप विमानवाल्यांच्या दृष्टीने पातळ पदार्थांत मोडतात, हातातल्या पिशवीत शंभर मिलिलिटरच्या वर चालत नाहीत. फोन चार्ज करायची पॉवर बँक उलट हातातल्याच पिशवीत लागते. आणि खाण्याच्या पदार्थांचे कायदे प्रत्येक देशाचे वेगळे. आपली संत्री कितीही गोड असोत, अमेरिकेत ताजी फळे घेऊन उतरू नये. जे काही खाण्याचे नेले असेल ते विचारल्यावर सांगावे. सांगितलेला पदार्थ फार तर काढून घेतात, लपवलेल्यासाठी दंड करतात.

सर्वांत मोठा वाद झाला तो खसखशीवरून. बाळंतिणीसाठी सुनेने डिंकाचे लाडू केले होते, आणि काकूंचे विमान आखातातल्या एका विमानतळावर बदलायचे होते. खसखस ही अफूच्या बोंडातली. आखातातल्या कित्येक देशांत आणि सिंगापुरातही ती सरळ निषिद्ध आहे, आणि आपले अनारसे किंवा लाडू म्हणून तिथला शिपाई सूट देत नाही. “खसखशीशिवाय डिंकाचा लाडू?” असे म्हणून सुनेने कढई आपटली. शेवटी काकूंनीच निकाल दिला: दुसरा घाणा बिनखसखशीचा. आजवर सगळे निर्णय इतरांनी घेतले होते. तो पहिला त्यांनी घेतला आणि घरात कोणी ब्र काढला नाही.

काकू गेल्या, नातीला न्हाऊ-माखू घालून पाच महिन्यांनी परत आल्या. त्यांच्या प्रवासाचे वर्णन त्यांच्या तोंडूनच ऐकावे. त्यात हिमवर्षाव आहे, गोऱ्या शेजारणीला शिकवलेली भाकरी आहे, आणि ज्या न्यू जर्सीत आनंदीबाई पहिल्यांदा राहिल्या ते रोझेल गाव लेकीच्या घरापासून फार लांब नाही, हे जावयाला सांगून त्याला चकित केल्याचेही आहे. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने त्यांना तीनच प्रश्न विचारले. “आपले तं सहा तयार होते,” काकू म्हणाल्या.

राहता राहिला सहावा प्रश्न: कोणी केले नाही ते मीच का करावे? त्याचे उत्तर आता द्यावे लागत नाही. आमच्या गल्लीतून यंदा आणखी तिघी निघाल्या आहेत, आणि त्यांतली एकही फॉर्म घेऊन माझ्याकडे आधी येत नाही. त्या काकूंकडे जातात. काकू त्यांना पाट देतात, चहा ठेवतात, चष्मा पुसतात आणि फॉर्म हातात घेण्यापूर्वी पहिला प्रश्न टाकतात: “आधी मले एक सांग बाई, तू काहून जाऊन राह्यली?”